पुस्तकात नसलेली बाई

माइकच्या डोक्यावरची धुतलेली स्पंजची टोपी अजून वाळली नव्हती — चिमटीत दाबली की एक थेंब बोटावर यायचा, सोडली की ती पुन्हा फुगून बसायची, रुसलेल्या गालासारखी — निशाने ती एकदा दाबली, पुन्हा दाबली, आणि तिला एवढं हसू आलं की खिडकीच्या गजाला धरून ती एकटीच हसत उभी राहिली. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती काही लागत नव्हती, त्याचंही हसू आलं… आणि त्या हसण्याच्या मधोमध, दूध उतू जायच्या आत बाई जशी असेल तिथून धावत येते, तसा तो प्रश्न धावत आला. हे काय आहे?

स्पंज आहे, ते दिसतंच आहे. हसू कसलं आहे?

इतर बायकांना बरं वाटलं की त्या ठेवणीतली साडी काढतात, बहिणीला फोन करतात, पुरणाचा घाट घालतात. निशाला बरं वाटलं की ती आधी स्वतःची झडती घेते. रात्री झोपलीस? झोपले. नीट? नीट. मग गजराच्या आधी कशी जाग आली? कोकीळ ओरडला म्हणून. कोकीळ ओरडला म्हणून जाग आली, की जाग आली म्हणून कोकीळ ऐकू आला? … ते काही आठवत नाही. काल मंडईतून काय आणलंस? मेथी, गवार आणि एक अननस. अननस कशाला? दिसला म्हणून. चांगला होता, डोक्यावर तुरा होता — आणि ती पुन्हा हसली, आणि पुन्हा थांबली. अननस हे लक्षण आहे का? एक अननस नसावं. तीन असते तर नक्की. दोन असते तर अनंतला सांगावं लागलं असतं.

निशाच्या आजाराला, बायपोलरला, मराठीत द्विध्रुवीय म्हणतात. डॉक्टरबाईंनी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा निशा समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती, आणि शेजारी तिचा नवरा अनंत — जन्मभर कॉलेजात भूगोल शिकवलेला माणूस — म्हणाला होता, "म्हणजे मधे विषुववृत्त असेलच की. तिथे लोक राहतात." डॉक्टरबाई हसल्या. निशाला हसू यायला बरेच महिने लागले, पण आलं. एका दुपारी आमटी ढवळता ढवळता आलं, आणि अनंत आतून पळत आला, कारण तोवर तो ते हसू विसरून गेला होता. तेव्हापासून ती विषुववृत्तावर राहते आहे. रोजच्या गोळ्या, अधूनमधून रक्ताची तपासणी. हवा बरी आहे. थोडी दमट.

पण त्याच्या आधीचं ते वर्ष… ते पाट्यांचं. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या गल्लीत जेवढी माणसं त्याहून जास्त पाट्या, आणि निशाने एका पहाटे रंगाचा डबा घेऊन प्रत्येक पाटीला 'कृपया' जोडायला सुरुवात केली. 'येथे गाडी लावू नये' — कृपया. 'फाटक बंद करावे, ही धर्मशाळा नव्हे' — कृपया. 'जोशी येथे राहत नाहीत, कुठे राहतात ते आम्हांस ठाऊक नाही' — कृपया! ती एका शहराचा स्वभाव बदलत होती, तिला तो बदलताना दिसत होता, भिंती मऊ होत होत्या, आणि झोप ही तर सामान्य माणसांची गोष्ट… आणि लोकांनी काय केलं? कौतुक केलं. काय हो निशाताई, उत्साह म्हणायचा की काय! कुणी फोटो काढले, कुणी चहा पाजला. एकट्या तळमजल्यावरच्या विमलाबाईंनी आपल्या पाटीवरचं 'कृपया' चमच्याने खरवडून काढलं आणि दोन जिने चढून सांगायला आल्या, "आम्ही विनंती करत नाही." आज वाटतं, त्या सगळ्यांत मला थांबवायला आलेल्या त्या एकट्याच. मग रंग संपला. डब्यातला नव्हे. अंथरुणातून न्हाणीघरापर्यंतचं अंतर वाढत वाढत गेलं, आणि अनंत तिची वेणी घालायचा. चुकीची घालायचा, एक पेड कुठेतरी हरवलेलाच असायचा, पण घालायचा…

"चहा," अनंत मागून म्हणाला.

तिने टोपी गजाला अडकवली. अनंत कप घेऊन उभा होता, आणि तिच्याकडे बघत होता, म्हणजे तो बघत नाही असं दाखवून बघतो, तसा.

"आज छान दिसतेस."

"काळजीचं छान, की नुसतं छान?"

"नुसतं."

"मग एवढं निरखून काय बघताय?"

"बायको आहेस. बघायला बंदी आहे का?" तो म्हणाला, आणि खिशातून एक पुठ्ठा काढला. "तुझी आजची पाटी. दारावर लावतो."

पुठ्ठ्यावर त्याच्या वर्गातल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आत वाचन चालू आहे. बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडणार नाही. उघडलेच तर चहा मिळणार नाही.'

"'कृपया' नाही लिहिलं?" निशा म्हणाली.

दोघंही हसले. त्याचं हसू तिच्या आधी थांबलं. अगदी किंचित आधी, डोळा लवतो तेवढं — पण एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं पुरतं.

वाचन म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देणं. असा एक गट आहे, त्यात शिक्षिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, आणि निशा आहे, जिच्याकडे कुठली पदवी नाही पण आवाज आहे. नियम सोपे. पान उलटलं की पान-क्रमांक सांगायचा, कारण मुलांना परीक्षेत संदर्भ द्यावे लागतात. छापलेलं तेवढंच वाचायचं. ना कमी, ना जास्त. आणि पाठवण्याआधी आपलं आपण एकदा संपूर्ण ऐकायचं. स्टुडिओ वगैरे काही नाही. झोपायच्या खोलीत कपाटाची दारं सताड उघडायची, लटकलेल्या साड्यांकडे तोंड करून बसायचं, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या. साड्या आणि गोधड्या मिळून अख्खी सदाशिव पेठ गिळून टाकतात. पंखा बंद. मिक्सर बंद. अनंतने शिंकायचं झालं तर गॅलरीत जाऊन.

सध्या एक जुनी कादंबरी चालू होती, एम.ए.ला लागलेली. तिचा नायक रंगराव. देखणा, बुद्धिमान, आणि — लेखकाच्या शब्दांत — 'प्रतिभेच्या शापाने ग्रासलेला'. पहिल्या अर्ध्यात रंगराव नदीपलीकडच्या माळावर नवं गाव वसवायला निघतो; शाळा, विहिरी, नाट्यगृह, सगळ्याचे नकाशे एका दमात काढतो, रात्र रात्र भाषणं करतो, लोक त्याला हार घालतात. दुसऱ्या अर्ध्यात तो एका अंधाऱ्या खोलीत पडून असतो आणि लोक दाराबाहेरून म्हणतात, नियती. प्रस्तावना लिहिणाऱ्या विद्वानांनीही नियतीच म्हटलं होतं, फक्त अकरा पानं घेऊन. निशाला पहिल्या भाषणापाशीच कळलं होतं. ओळखीचा माणूस गर्दीत पाठमोरा दिसावा तसं — अरे, हा तर आपला!

आज शेवटचं प्रकरण होतं. ते वाचायचं की नाही, हा खरा प्रश्न होता. कारण हे सकाळपासूनचं हसू जर त्या जुन्या वाटेवरचं असेल, तर आज कपाटात तोंड घालून बसायचं नाही, डॉक्टरबाईंना फोन करायचा, गोळ्या वाढतील, पुन्हा ते जड डोळे, आणि वाचन बंद. आणि जर ते नुसतंच हसू असेल, साधं, स्पंजाचं, तर… तर आपण एका बिचाऱ्या निरपराध आनंदाला उगाच पोलीस चौकीत बसवून ठेवलंय. ती टोपी अर्धवट ओलीच माइकवर चढवत होती, तेवढ्यात फोन वाजला.

पायल होती. यवतमाळकडची मुलगी, वाघोलीच्या कॉलेजात एम.ए. करणारी, हॉस्टेलला राहणारी. ही कादंबरी मुळात तिच्यासाठीच चालली होती.

"निशाकाकू, बिझी आहात का? एक लफडं झालं."

"काय गं?"

"ती बाई सापडून नाही राहिली."

"कोण बाई?"

"कादंबरीतली. मागच्या आठवड्याच्या फाइलमधली. ती नाही का, रंगरावला ओरडते." आणि पायलने पाठ म्हणून दाखवलं, निशाच्याच ढंगात, निशाच्याच हेलकाव्यासकट: "'अहो रंगराव, गाव वसवा, नाट्यगृह बांधा, काय हवं ते करा, पण तीन रात्री तुमच्या डोळ्याला डोळा नाही. आधी दोन घास भात खा आणि आडवे व्हा. गाव उद्याही वसवता येईल!' मला तर काकू ती इतकी आवडली ना! मी माझा सेमिनारच तिच्यावर दिला. 'कादंबरीतील एकमेव शहाणी व्यक्ती: अनामिक स्त्री.' वर्गात टाळ्या. पण शुभंकर सर म्हणाले, ही कोण, मला आठवत नाही. त्यांनी पुस्तक चाळलं. नाही सापडली. मग लायब्ररीतून जुनी प्रत काढली, त्यातही नाही. आता ते म्हणून राहिले की पहिल्या आवृत्तीत असेल, पुढं लेखकानं गाळली असेल. त्यावर ते पेपर लिहिणार आहेत. तुमच्याकडची प्रत कोणती ते विचार म्हणाले."

निशाला आधी हसूच आलं — तोंडावर पदर दाबावा लागेल इतकं — आणि पाठोपाठ ते थांबलं. कारण ते वाक्य आपण म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. मुळीच नाही. रंगरावाची ती तिसरी रात्र आठवत होती, कंदील, नकाशे, बाहेर जमलेले लोक… आणि मग थेट पुढचं पान. मधलं, तोंडातून निघून गेलेलं, ते गेलं कधी? आणि ती फाइल आपण पाठवण्याआधी ऐकली का नाही? घाई होती. कसली घाई होती, निशा? … आठव. कसली?

"हसून राहिल्या का तुम्ही?" पायल विचारत होती.

एक साधी पळवाट होती. बघते हं म्हणायचं, फोन ठेवायचा, वाक्य कापून फाइल नव्याने पाठवायची. शुभंकर सर बसतील पहिली आवृत्ती शोधत.

"पायल," ती म्हणाली, "ती बाई मी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पुस्तकात नाहीच ती. वाचता वाचता माझ्या तोंडून गेलं. ऐकायचं राहून गेलं माझं, चूक झाली. सरांना सांग, मी सांगू का?"

पलीकडे हॉस्टेलचा गलबला. कुणीतरी बादली आपटली.

"म्हणजे पुस्तकात त्याला कोणीच म्हणत नाही? जेव म्हणून?"

"कुणीच नाही."

"मग करतात काय लोक?"

"आधी हार घालतात. मग हळहळतात."

"बाप रे," पायल म्हणाली. "मग तर तुमची गरजच होती तिथं." आणि मग, जरा विचार करून, "पण काकू, तुम्हाला कसं कळलं, त्याला झोपच पाहिजे म्हणून? सर तर प्रतिभा म्हणतात."

कसं कळलं! निशाने समोर बघितलं. उघड्या कपाटात नारायणपेठी, तिच्यामागे हिरवी इरकल, तिच्यामागे ती न नेसलेली पिवळी… हे फार थोड्यांना माहीत होतं. विमलाबाईंना होतं, पण त्यांना सगळ्यांचंच सगळं माहीत असतं. सांगितलं की माणसांचा आवाज बदलतो, हे तिला ठाऊक होतं. एकदम मऊ होतो, ओल्या फडक्यासारखा.

"तो आजार मला आहे," ती म्हणाली. "रंगरावांचा."

"अच्छा," पायल म्हणाली. "गोळ्या असतात न त्याच्या?"

"असतात. रोजच्या."

"मग ठीक." आवाज होता तसाच. "मला लोक बोटं दाखवून विचारतात, किती आहेत सांग. तुम्हाला काय विचारतात?"

"झोपलीस का, विचारतात."

"तुमचं सोपं आहे."

"नाही गं," निशा म्हणाली, आणि दोघी हसल्या, आणि त्या हसण्याची झडती घ्यायची निशाला आठवणही झाली नाही. नंतर झाली. "पायल, खरं सांग. त्या प्रकरणात मी भरभर बोलले का? नेहमीपेक्षा?"

"मला काय कळणार, काकू! मी सगळ्यांनाच दुप्पट स्पीडवर ऐकते. माझ्यासाठी तुम्ही पहिल्यापासून भरभरच बोलता. आज फोनवर पहिल्यांदा वाटलं, किती हळू बोलून राहिल्या ह्या!"

म्हणजे साक्षीदार होता, तोही असा! निशाने कपाळावर हात मारला.

"काकू, ते वाक्य काढू नका न."

"नियम आहे, पायल."

"मग शेवटचं कधी पाठवता? मरतो का तो?"

"मी सांगणार नाही."

"मरतच असेल. शोकांतिका आहे, सिलॅबसमध्येच लिहिलंय."

फोन ठेवल्यावर खोली एकदम मोठी वाटली. निशाने पंखा बंद केला. गोधड्या नीट केल्या. वाचायचं. ठरवून असं नाही ठरवलं. पुस्तक मांडीवर होतं, पान उघडं होतं, आणि पलीकडे एक मुलगी त्याचं काय झालं ते ऐकायला थांबली होती. तिने पान-क्रमांक सांगितला आणि सुरू केलं.

शेवटच्या सकाळी रंगराव प्रसन्न असतो. अनेक महिन्यांनी दाढी करतो, धुतलेला सदरा घालतो, अंगणातल्या प्राजक्ताकडे बघून हसतो, आणि नदीकडे चालू लागतो. लेखकाने त्या हसण्यावर दोन पानं खर्च केली आहेत — मुक्ती, तेज, पहाट, काय काय — आणि निशा वाचत होती, एकेक विराम पाळत, आणि जिभेच्या टोकाशी ती दुसरी बाई येऊन उभी राहत होती, पदर खोचून, प्रत्येक परिच्छेदाला. अहो रंगराव. अहो, ऐका जरा. दार उघडं आहे, तेवढं लावून घेऊ का… निशा तिला थोपवत होती. छापलेलं तेवढंच. बाई, थांब. तुझी पाळी नाही. पण थोपवता थोपवता तिचं लक्ष त्या हसण्याकडेच होतं, तपासणीसारखं, आपलं सकाळचं हसू त्याच्याशेजारी ठेवून — हे तेच आहे का? तोच कपडा आहे का? रंग तर जुळतो. सकाळ जुळते. उगाच वाटणारं बरं, तेही जुळतं… आणि मग तिला दिसलं की रंगरावाच्या त्या दोन पानांत दुसरं कुणी माणूसच नाही. प्राजक्त आहे, दवबिंदू आहेत, तेज तर मणभर आहे. पण अंगणात कुणी नाही, ज्याला त्याने म्हणावं, बघ रे, आज बरं वाटतंय. त्याला कुणी हवंही नाही. ते हसू कुणाला दाखवायचं नव्हतंच. दमलेल्या माणसाने तोंड धुतलं होतं फक्त, आणि लेखकाला ती पहाट वाटली.

माझं तसं आहे का? … मला तर सकाळपासून कुणाला तरी सांगायचंय. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पाट्या रंगवल्या तेव्हाही मला अख्ख्या पेठेला सांगायचं होतं. नाही, तेव्हा सांगायचं होतं, ऐकायचं नव्हतं. आज… आज कुणी 'आडवी हो' म्हटलं तर होईन की. मुकाट्याने होईन. बहुतेक.

ती शेवटच्या ओळीपर्यंत आली. आवाज कापला नाही. रंगराव गेला, जसा छापला होता तसा, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पुस्तक मिटून तिने नेहमीप्रमाणे आपलं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, मग माइकजवळ सरकून, जरा घसा साफ करून म्हणाली, "एक दुरुस्ती. मागील एका प्रकरणात रंगरावांना जेवून झोपायला सांगणारी स्त्री मूळ कादंबरीत नाही. ते वाक्य वाचणाऱ्या बाईचं आहे. विद्यार्थ्यांनी ते संदर्भ म्हणून वापरू नये." आणि थोडं थांबून, "एरवी वापरायला हरकत नाही."

मग नियमाप्रमाणे तिने सगळं ऐकलं, पहिल्यापासून, साड्यांकडे तोंड करून. बाई बरी वाचत होती. थोडी भरभर? असेल. एखाद्या ठिकाणी, प्राजक्ताच्या आसपास, जरा जास्तच मायेने. त्यातून काही ठरत नव्हतं. स्वतःच्या आवाजात स्वतःला ऐकून कुणाला काय कळलंय!

ती बाहेर आली तेव्हा अनंत जेवायच्या टेबलाशी शब्दकोडं सोडवत बसला होता, आणि ऐकत नव्हता असं दाखवत होता.

"संपली?"

"संपली." ती त्याच्या समोर बसली. "अहो, मला आज फार बरं वाटतंय."

त्याने पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"सकाळपासून. कदाचित कालपासून. आणि मागच्या आठवड्यात मी वाचताना मधेच रंगरावांना दटावलं, ते मला आठवत नाही. पायलने सांगितलं."

आजवर हे असं कधी झालं नव्हतं. आजवर तो ओळखायचा आणि ती नाकारायची. किंवा ती लपवायची आणि तो शोधून काढायचा. आपल्या पायांनी येऊन टेबलावर असं मांडून ठेवणं… अनंतने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"काय म्हणालीस रंगरावांना?"

"जेवा आणि झोपा."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "डॉक्टरबाईंना फोन करायचा?"

"ते तुम्ही बघा. आज करा, उद्या करा, नका करू. लक्ष तुम्ही ठेवा. मी दोन्ही कामं करून दमले हो. खूश व्हायचं तेही मीच, आणि वॉरंट घेऊन दारात उभं राहायचं तेही मीच."

"आणि तू काय करणार?"

"मी तोवर खूश राहते."

अनंतने तिच्याकडे बघितलं — या वेळी उघड उघड, बघत नाही असं काही न दाखवता, कॉलेजात एखाद्या मुलीने भलतंच चांगलं उत्तर दिल्यावर बघत असेल तसं. "बरं," तो म्हणाला. "मी इथेच आहे." आणि चष्मा चढवून खुर्ची थोडी तिच्याकडे वळवून बसला.

खिडक्या उघडल्यावर गल्ली आत आली. कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची लांबलेली हाळी, विमलाबाई कुणालातरी सुनावत होत्या, कुणाला ते कळत नव्हतं, पण त्याची काही चूक नसावी एवढं आवाजावरून कळत होतं. निशा हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आत ते सकाळचं बरं वाटणं होतं, तिथेच, हलत नव्हतं. वाढतंय का, हे बघायला तिचा एक डोळा सवयीने आत वळला… आणि आज त्या पहाऱ्याच्या जागी कुणीतरी बसलेलं होतं, पेन कानाला अडकवून, तिच्याकडे बघत. मग तो डोळाही परत बाहेर आला, आणि समोरच्या उन्हाकडे बघत राहिला, दुसऱ्या डोळ्यासारखाच, काही न विचारता…